चिलिकेच्या खाऱ्या-गोड्या पाण्यावर

शुक्रवार : मंगलाजोडी

भुवनेश्वरहून महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की दीड-दोन तासांत टांगी लागतं. तिथे डावीकडे वळायचं. भाताची खाचरं, तळी, घरांपुढे वाळत घातलेली जाळी असं करत रस्ता एका बांधावर येतो आणि बांधापलीकडे नजर पोचेल तिथवर लव्हाळी आणि पाणी. चिलिका सरोवराचा हा वरचा, वायव्येकडचा काठ. पुरी, खोर्धा आणि गंजाम अशा ओडिशाच्या तीन जिल्ह्यांना टेकलेलं हे खारकच्छ, म्हणजे समुद्राला मुखाने जोडलेलं उथळ सरोवर, पावसाळ्यात ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं आणि उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास येतं. मंगलाजोडीच्या काठावरून त्याचा पसारा अजिबात कळत नाही, कारण समोर मोकळं पाणी दिसतच नाही. दिसतात गवताच्या भिंती आणि त्यांच्यामधून गेलेल्या पाण्याच्या वाटा.

बरोबर मामा आणि मामी होते. मामांनी चाळीसेक वर्षं रेवदंड्याच्या खाडीत मासेमारी केली, आता जाळं मुलाकडे दिलंय. पक्षी बघायला एवढ्या लांब यायला ते तयार झाले ते फक्त "तिकडे कशी मासेमारी करतात ते बघू" या एका गोष्टीवर. होडीत बसायच्या आधी त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

"गोडंच हाय."

आहेच. महानदीचे दया, भार्गवी असे फाटे उत्तरेकडून चिलिकेत येतात आणि त्यांच्या पाण्याने हा कोपरा गोडा राहतो. गोड्या पाण्यामुळे लव्हाळी, लव्हाळ्यांमुळे किडे-गोगलगायी आणि आडोसा, आणि म्हणून हिवाळ्यात इथे पक्षी. इथून दक्षिणेला आणि पूर्वेला सरकत गेलं की पाणी मचूळ होतं आणि समुद्राच्या मुखाशी पार खारं. चिलिकेत कुठे कोणता मासा मिळणार, कोणता पक्षी उतरणार आणि कुठल्या गावाची चूल कशावर पेटणार, हे बरंचसं या खारेपणावर ठरतं. पुढचे सगळे दिवस आम्ही खरं तर याच एका गोष्टीचा माग काढत फिरलो.

मंगलाजोडीत पर्यटकांच्या होड्यांना इंजिन नाही. सपाट बुडाची लाकडी होडी, मागे उभा राहून लांब बांबूने रेटणारा नावाडी आणि पुढे वाटाड्या. पाणी कमरेपेक्षा खोल नाही. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पक्षी उडून जात नाहीत. दहा-पंधरा फुटांवर एक जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचं खोड उपटत होती. एका पायाने ते पकडायचं, चोचीने सोलायचं, आतला पांढरा गाभा खायचा आणि उरलेलं टाकून द्यायचं. आम्ही अगदी शेजारून गेलो तरी तिने मान वर केली नाही. तांबडी चोच, कपाळावर तसाच तांबडा टिळा आणि उन्हात निळ्याचा जांभळा होणारा पिसारा. मामी तिच्याकडेच बघत बसली, आम्ही दुर्बीण देत होतो तर तिने ती घेतलीही नाही.

पुढे वाट रुंद झाली आणि चिखलाचा एक उघडा पट्टा आला. त्यावर शेकडो मालगुजे. इंग्रजीतलं गॉडविट हे नाव इथल्या सगळ्या नावाड्यांच्या तोंडी आहे. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीतही हे पक्षी दिसतात, पण ते ओहोटीच्या चिखलात, लांबून. इथे त्यांची चोच चिखलात डोळ्यांपर्यंत रुतलेली दिसत होती. या चोचीचं टोक आतल्या आत उघडतं, त्यामुळे सगळी चोच चिखलात असतानाच त्यांना अळी पकडता येते. पक्षी टोचे मारत मारत सरळ रेषेत पुढे जात होते आणि मध्येच एखादा थांबून चोच वर काढून काहीतरी गिळत होता. भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा थवा एकदम उठायचा, पांढरे पट्टे चमकायचे, एक फेरी मारून पुन्हा त्याच जागी.

शेकाटे, मोर शराटी, चक्रवाकांच्या जोड्या, कल्लेदार सुरय, कमळपक्षी, तलवार बदकं. यादी मोठी होईल, ती इथेच थांबवते. कारण वाटाड्याने सांगितलेली गोष्ट त्या यादीपेक्षा महत्त्वाची आहे.

१९९० च्या दशकापर्यंत मंगलाजोडी हे शिकाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. हिवाळा आला की जाळी, फासे आणि विषारी आमिषं घेऊन माणसं रात्री दलदलीत शिरायची. सकाळी पक्षी पोत्यात भरून बाजारात. अंडीही गोळा व्हायची. पक्षी काही हजारांवर घसरले होते. 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ गावात येऊन बसू लागले, शिकाऱ्यांशीच बोलू लागले, आणि २००० साली त्याच माणसांनी श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी केली. ज्यांना कुठल्या बेचक्यात कोण रात्रीचा बसतो हे पाठ होतं, तेच राखणदार झाले. आता हिवाळ्यात इथे लाखांनी पक्षी येतात, आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने मंगलाजोडीच्या पर्यटन उपक्रमाचा गौरव केला.

आमच्या वाटाड्याचे वडील शिकारी होते. त्याने ते सहज, काही न लपवता सांगितलं. "बाबा पक्ष्यांचा आवाज काढायचे. मला त्यांनीच शिकवला. आता मी तो पाहुण्यांना ऐकवतो." आणि त्याने ओठांवर हात धरून चक्रवाकाची हाक दिली. पलीकडून खरंच उत्तर आलं.

मला हे फार मोलाचं वाटतं. पक्षी वाचवण्यासाठी गावाला कुंपणाबाहेर काढायची पद्धत आपण अनेक ठिकाणी बघितली आहे. इथे पाणथळ गावाच्याच हातात राहिली. राखणीचे, होडीचे, मुक्कामाचे पैसे गावातल्या घरांत जातात, मासेमारीही चालू आहे. संध्याकाळी परत येताना आमच्या वाटेवर दोघं जण कंबरभर पाण्यात जाळं लावत होते आणि त्यांच्यापासून वीस हातांवर बगळे निवांत उभे होते.

शनिवार : मंगलाजोडी ते बरकुल

पहाटे पुन्हा होडीत. धुकं इतकं होतं की तासभर फक्त ऐकलं. मग उन्हं आली.

नाश्त्यानंतर गावात फिरलो. मंगलाजोडी होड्या बांधणाऱ्यांचंही गाव आहे. रस्त्याच्या कडेला, घराच्या अंगणात, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे अर्ध्या झालेल्या होड्या. मामा एका सुताराजवळ जे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला ओडिया येत नाही, दोघांचं हिंदी मोडकं, पण फळ्या कशा वाकवायच्या, सांध्यात काय भरायचं, तळाला डांबर किती वेळा, यावर दोघं बोलत राहिले. आमच्याकडच्या होडीला खालून कणा असतो, ती लाट कापते. इथली सपाट, कारण चिलिका बहुतेक ठिकाणी दोन-तीन हात खोल आणि तळाला गाळ. सुताराने मामांच्या हातात वाकस दिली आणि एक फळी तासायला लावली. मामांनी ती तासली. सुताराने त्यावर हात फिरवून मान डोलावली.

जेवणात दालमा आणि मोहरी वाटून केलेलं माशाचं बेसर. मामीने वाटणाची सगळी कृती विचारून घेतली.

दुपारी बाळुगावमार्गे बरकुलला आलो. इथे चिलिका पहिल्यांदा सरोवर म्हणून समोर येते. मोकळं पाणी, पाठीमागे पूर्व घाटाचे डोंगर आणि मध्ये कुठेतरी बेटांचे ठिपके. काठावर उतरून मामांनी पाणी चाखलं. मचूळ.

रविवार : खंडा, नलबण, कालीजाई

हा दिवस मासेमारीचा. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर एका मच्छीमाराशी बोलून ठेवलं होतं. त्याला मामांनी आपले हात दाखवले, जाळ्याच्या दोरीने पडलेले घट्टे. तो हसला आणि म्हणाला, पहाटे चारला या.

चिलिकेत मासेमारीच्या जागांना आणि पद्धतींना जुनी नावं आहेत. उघड्या पाण्यात जाळं ओढतात ती बहनी. पावसाळा संपून पाणी उतरू लागलं की खाडीचं तोंड बांबू आणि जाळ्यांनी अडवून आतली मासळी हळूहळू गोळा करतात तो जानो. उथळात सापळे लावतात ते दियान. कुठली जागा कोणत्या गावाची आणि कोणत्या जातीची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. केऊट होडी-जाळ्याने धरणार, तिअर बांबूच्या सापळ्यांनी, नोलिया हे मूळचे तेलुगू बोलणारे, समुद्राच्या बाजूचे. आज या वाटण्या पूर्वीइतक्या कडक नाहीत, पण आमच्या मच्छीमाराला विचारलं तर त्याने बोट दाखवून सांगितलं, त्या खांबापर्यंत आमच्या गावाचं, तिथून पुढे त्यांचं. मला तिथे एकच सपाट पाणी दिसत होतं.

त्याचं जाळं खंड्याचं. उथळ पाण्यात बांबू रोवून जाळीची लांबच लांब भिंत उभी करतात. मासा भिंतीला अडला की तिच्या कडेकडेने खोल पाण्याकडे निघतो, आणि टोकाला असलेल्या पेटीत शिरतो. पेटीचं तोंड आत निमुळतं, शिरता येतं, निघता येत नाही. पूर्वी ही भिंत आणि पेटी बांबूच्या कांबट्यांची असायची, आता नायलॉनची. मामा आयुष्यभर डोल, म्हणजे खाडीत रोवलेलं पिशवीसारखं जाळं, लावत आले. तिथे भरती-ओहोटीचा ओढाच मासा आणून जाळ्यात घालतो. चिलिकेत आत तसा ओढा नाही, म्हणून माशाच्या सवयीवर जाळं बेतलंय. हे त्यांना फार आवडलं. "माशाला त्याच्याच पायांनी आणतात," असं दोनदा म्हणाले.

अजून अंधार होता. मच्छीमार आणि त्याचा पुतण्या पाण्यात उतरले, छातीपर्यंत पाणी. पेटीचं खालचं टोक सोडून त्यांनी ती होडीच्या काठावर उलटी केली. विजेरीच्या उजेडात आधी नुसती तडतड ऐकू आली, ती कोळंबीची. मग मासे दिसायला लागले. इथे ज्याला खइंगा म्हणतात ती बोय. काळुंदर, अंगावर मोत्यासारखे ठिपके असलेली. बोटभर लांबीचे दहा-बारा प्रकारचे बारके मासे. आणि दोन चिंबोऱ्या, त्यातली एक चांगली हातभर पसरणारी. पुतण्याने तिला मागून पकडलं, गवताच्या दोरीने नांग्या बांधल्या आणि बाजूला ठेवली. "ही कोलकात्याला जाणार," तो म्हणाला. मोठी चिंबोरी चिलिकेत कुणी स्वतः खात नाही, ती विकायची असते.

बारक्या माशांकडे बघून मामा गप्प झाले. मग त्यांनी जाळीची आस बोटाने मोजली. बोट आत जाईना. इथे त्याला झिरो जाळी म्हणतात. त्यावर बंदी आहे आणि तरी ती सगळीकडे आहे. मच्छीमाराने आपणहूनच सांगितलं: बारकी मासळी धरली तर पुढच्या वर्षी मोठी मिळणार नाही हे त्याला कळतं, पण शेजारच्याने झिरो लावली आणि मी नाही लावली तर मासा त्याच्या पेटीत जातो. वर व्यापाऱ्याची उचल. इथे तिला दादन म्हणतात. जाळ्यासाठी, इंजिनासाठी, लग्नासाठी व्यापारी पैसे देतो आणि मग मासळी त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावात. सकाळी साडेसहाला पाण्यावरच व्यापाऱ्याची होडी आली, काटा लागला, वहीत आकडा लिहिला गेला. पैसे हातात आले नाहीत. मामा म्हणाले, आमच्याकडेही असंच, फक्त वहीचा रंग वेगळा.

चिलिकेवर पोट असलेली माणसं दोन लाखांवर आहेत. पक्ष्यांची दर जानेवारीत गणना होते, ती व्हायलाच हवी. वनखात्याबरोबर मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासकही त्यात असतात, आणि २०२१ मध्ये तो आकडा बारा लाखांच्या पुढे गेला होता. बातमी देशभर छापून येते. पण चिलिकेच्या बातम्यांत वहीतला तो आकडाही यायला हवा असं मला त्या होडीत बसून फार वाटलं.

तिथून नलबण. सरोवराच्या मधोमध असलेलं हे १५ चौरस किलोमीटरचं बेट पावसाळ्यात पाण्याखाली असतं आणि हिवाळ्यात वर येतं. अभयारण्य असल्याने उतरायला बंदी. मोटरबोट लांब थांबते आणि तिथून दुर्बिणीने बघायचं. ज्यांनी मंगलाजोडी आधी पाहिलंय त्यांना इथे पक्षी जवळून दिसत नाहीत याची रुखरुख लागेल, पण नलबणाचं बघणं वेगळं आहे. पाण्याच्या कडेला एक राखी-पांढरा पट्टा होता, तो डावीकडून उजवीकडे संपतच नव्हता. दुर्बीण लावली तर पट्टकादंब. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस लडाख, तिबेट, मंगोलियाकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून इथे येतात. त्यांच्या पलीकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून पाणी गाळत चाललेले. खांबावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसला होता आणि तो बसल्याने त्याच्याभोवतीचं पाणी बऱ्याच अंतरापर्यंत रिकामं होतं.

रोहितांच्या जवळ न्या म्हणून शेजारच्या बोटीतले लोक नावाड्यावर आरडाओरडा करत होते. तो गेला नाही. त्याचं मनापासून कौतुक.

परतताना कालीजाई. छोटं खडकाळ बेट, देवीचं मंदिर, मकरसंक्रांतीला मोठी जत्रा. जाई नावाची मुलगी लग्न होऊन बाणपूरहून पारिकुडला सासरी निघाली, वादळात होडी उलटली, सगळे वाचले आणि तीच बुडाली, तीच ही देवी झाली, अशी कथा. चिलिकेतला कुठलाही नावाडी हिचं नाव घेतल्याशिवाय मोठ्या पाण्यात जात नाही. आमच्या पहाटेच्या मच्छीमारानेही इंजिन सुरू करण्याआधी त्या दिशेला हात जोडले होते, तेव्हा मला कळलं नव्हतं. मामीने ओटी भरली.

सोमवार : रंभा

दक्षिण टोक. रंभा सुंदर आहे, यात शंका नाही. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, खडकांची बेटं, स्वच्छ पाणी. इथल्या बरकुडा बेटावर १९१७ मध्ये अ‍ॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाला बिनपायांची सापसुरळी सापडली, तिचं शास्त्रीय नावच बेटावरून पडलंय. पण आम्ही बेटं फिरून दुपारी निघालो, कारण सातपड्याला आम्हाला गाडीने सगळा वळसा घालून पुरीकडून जायचं होतं. रात्री उशिरा पुरीला पोचलो.

मंगळवार : सातपडा आणि समुद्राचं मुख

पुरीपासून सातपडा पन्नास किलोमीटर. सकाळी धक्क्यावर गर्दी असते ती डॉल्फिनसाठी. इरावती डॉल्फिन, गोल डोक्याचा, चोच नसलेला. चिलिकेत त्यांची संख्या दीडशेच्या आसपास. आमच्या नावाड्याने मगरमुखाजवळ इंजिन बंद केलं आणि थांबला. वीसेक मिनिटांनी पन्नास हातांवर एक राखी पाठ वर आली, फुस्स असा श्वास ऐकू आला आणि खाली गेली. मग आणखी दोन. एवढंच, आणि एवढं पुरे होतं. दुसऱ्या बाजूला पाच-सहा बोटी इंजिन चालू ठेवून एका जोडीच्या मागे लागल्या होत्या. पंख्याची पाती लागून डॉल्फिन मरतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. जाणाऱ्यांनी निघण्याआधीच नावाड्याला सांगावं: पाठलाग नको, थांबू, दिसले तर दिसले. पैसे तेवढेच द्यावेत.

तिथून नव्या मुखाकडे. चिलिकेची आजची सगळी कहाणी या मुखापाशी येऊन थांबते.

चिलिका आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूचा लांब दांडा आहे. (याच दांड्यावरून १८०३ मध्ये इंग्रजांची फौज गंजामहून पुरीला चालून गेली आणि १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांकडे असलेला ओडिशा मराठ्यांच्या हातून गेला. वाळूवर त्याची काही खूण नाही, मी मात्र बघत होते.) समुद्राचा प्रवाह किनाऱ्याने वाळू सतत ईशान्येकडे ढकलतो, त्यामुळे सरोवराचं मुख सरकत सरकत लांब गेलं आणि गाळाने बुजत चाललं. नद्यांचा गाळ आतून, समुद्राची वाळू बाहेरून. खारं पाणी आत येईना. पाणी गोडं झालं, जलपर्णी आणि गवत माजलं. बोय वीण करायला समुद्रात जाते, कोळंबीची पिल्लं समुद्रातून आत येतात, जिताडा दोन्हीकडे फिरतो. वाटच बंद झाली. १९९० च्या दशकाच्या शेवटी वर्षाची मासळी दोन हजार टनांच्याही खाली उतरली होती. १९८१ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळींच्या माँट्रो नोंदीत टाकावं लागलं.

मग अभ्यास झाला, आणि २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुदाजवळ वाळूचा दांडा कापून नवं मुख उघडलं. खारं पाणी आत शिरलं. दोन वर्षांत मासळी दहा हजार टनांच्या वर गेली, गवत मागे हटलं, डॉल्फिन आत दूरवर दिसू लागले. २००२ मध्ये चिलिका त्या धोक्याच्या नोंदीतून बाहेर आली. मुख तेव्हापासूनही स्थिर नाही. २०१९ च्या फनी चक्रीवादळाने दांडा पुन्हा ठिकठिकाणी फोडला. समुद्र आपली वाट बदलत राहतो आणि मच्छीमार त्याच्या मागे आपले खांब हलवत राहतात.

बोट राजहंसच्या वाळूला लागली. एका बाजूला उपसागराच्या लाटा, दुसऱ्या बाजूला शांत पाणी, मध्ये लाल खेकड्यांनी भरलेली वाळू. मामांनी पाणी चाखलं, यावेळी काही बोलले नाहीत, चव सांगायची गरजच नव्हती. वाळूवर एक म्हातारे मच्छीमार जाळं शिवत बसले होते. मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सुई मागितली.

येताना बोटीतून आम्ही जाळ्यांनी वेढलेले मोठमोठे चौकोन पाहिले होते. त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, घेरी. कोळंबीच्या घेऱ्या. हा विषय निघाला आणि त्यांचा हात थांबला. ऐंशीच्या दशकात टायगर कोळंबीला परदेशातून भाव आला तेव्हा बाहेरची, मासेमारीशी संबंध नसलेली माणसं पाण्यात उतरली. सरकारने १९९१ मध्ये चिलिकेचं पाणी भाड्याने देण्याचं नवं धोरण आणलं, त्यात धरण्याच्या मासेमारीबरोबर 'पाळण्याच्या' मासेमारीलाही जागा मिळाली. एका बड्या उद्योगाच्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध चिलिका बचाओ आंदोलन उभं राहिलं आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेच्या काठापासून हजार मीटरच्या आत कोळंबीची शेती नको असा निकाल दिला. घेऱ्या उठल्या नाहीत. मे १९९९ मध्ये मच्छीमारांनी स्वतःच त्या मोडायला घेतल्या, त्यानंतर सोरणा गावात पोलिसांनी गोळीबार केला आणि चार जण मेले. अलीकडे प्रशासन यंत्रं लावून घेऱ्या उपटतं, बातम्या येतात, काही महिन्यांत बांबू पुन्हा उभे.

"पाणी आमचं आहे असं कागदावर आहे," म्हातारबाबा म्हणाले. "पण बांबू ज्याचा, पाणी त्याचं."

घेरीने माशाची वाट अडते, पाणी साचतं, गाळ बसतो. मुख उघडून जे मिळवलं ते आतल्या आत पुन्हा अडवलं जातं. पक्ष्यांसाठी, डॉल्फिनसाठी, बोईसाठी आणि या म्हातारबाबांसाठी मागणी एकच आहे, पाणी वाहतं ठेवा. मंगलाजोडीत ज्या गावाच्या हाती राखण दिली त्या गावाने पक्षी परत आणले. मग मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या हाती त्यांच्याच जागांची राखण खऱ्या अर्थाने का देऊ नये, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारते आहे.

म्हातारबाबांचे दोन मुलगे. एक केरळात बांधकामावर, एक इथेच पर्यटकांची बोट चालवतो. जाळं त्यांच्यानंतर कुणी घेणार नाही. त्यांनी मामांना विचारलं, तुमच्या खाडीचं काय. मामांनी जाळ्याचा एक फाटा शिवून पुरा केला आणि मग सांगायला लागले. वरच्या अंगाला आलेले कारखाने, पावसाच्या पहिल्या आठवड्यात तरंगून येणारे मेलेले मासे, जिताडा आता किती क्वचित मिळतो, भाव किती आणि तोही घ्यायला गिऱ्हाईक मुंबईहून येतं. मी हिंदीत सांगत होते, मधूनमधून मामी भर घालत होती. म्हातारबाबा प्रत्येक वाक्याला "हँ, हँ" करत होते. जिताडा म्हणजे भेकटी हे कळल्यावर त्यांनी आपल्या तरुणपणी याच मुखाशी धरलेल्या भेकटीची लांबी दोन्ही हात पसरून दाखवली, आणि मामांनीही आपले हात पसरले.

नावाड्याने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा उठलो. सातपड्याला पोचेपर्यंत पुरीची बस गेली होती. म्हातारबाबांचा बोटवाला मुलगा धक्क्यावरच होता. त्याने ओळखीची रिक्षा बोलावली आणि भाडं आधीच ठरवून दिलं.